३.९९ ग्रॅम की ६.२४? मोरचूद, मीठ आणि ‘कशाचा मोल’

प्रश्न थोडक्यात असा आहे. अकरावीच्या प्रॅक्टिकलला मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटचं, ०.१ मोलर (म्हणजे लिटरमागे ०.१ मोल) द्रावण २५० मिली करायचं होतं. तुम्ही वस्तुमान १५९.६ धरलं आणि ३.९९ ग्रॅम घेतलं. शेजारच्या टेबलावर ६.२४ ग्रॅम घेतलं गेलं आणि सरांनी तुमचं चूक ठरवलं. त्यातून आणखी दोन शंका निघाल्या. मिठाचा रेणूच नसतो म्हणतात, मग मिठाचा एक मोल म्हणजे कशाचा? आणि कॅल्शियम क्लोराइडच्या एका मोलमधून तीन मोल आयन निघतात, तर वस्तुमान तिप्पट का होत नाही?

शंका तीन दिसतात, पण गाठ एकाच जागी आहे. मोल हा डझनासारखा मोजणीचा आकडा आहे आणि कुठलीही मोजणी ‘कशाची’ हे ठरवल्याशिवाय सुरू होत नाही. रेणू, आयन, अणू, सूत्रातला एक गट, यांतलं आपण नेमकं काय मोजतोय हे आधी लिहिलं की पुढचं गणित चौथीच्या मुलालाही जमेल असं असतं. ते न लिहिता थेट भागाकाराला हात घातला की तुमच्यासारखी अडचण होते. तुमचा भागाकार बरोबरच आहे.

आता ३.९९ चूक की बरोबर? बाटली बघितल्याशिवाय हे सांगता येत नाही. कॉपर सल्फेट दोन रूपांत मिळतं. निळे स्फटिक असतील तर त्यात तांब्याच्या प्रत्येक आयनामागे पाण्याचे पाच रेणू बांधलेले असतात. चार थेट तांब्याला जोडलेले आणि पाचवा सल्फेटच्या बाजूला हायड्रोजन बंधांनी धरलेला. पांढरी भुकटी असेल तर ते निर्जल कॉपर सल्फेट, त्यात पाणी नाही. निर्जलाचं मोलवस्तुमान १५९.६० ग्रॅम. पाण्याचे पाच रेणू म्हणजे ५ × १८.०१५ = ९०.०८, ते मिळवले की निळ्याचं २४९.६८ ग्रॅम. तुम्हाला हवेत ०.१ × ०.२५० = ०.०२५ मोल. पांढरं असेल तर ३.९९ ग्रॅम, निळं असेल तर ६.२४ ग्रॅम. शाळा-कॉलेजात बहुतेक वेळा निळंच असतं, म्हणून सरांचं म्हणणं बरोबर असणार. पण ‘कॉपर सल्फेट घ्या’ एवढंच सांगितलं असेल तर सूचनाच अर्धवट होती, हेही खरं.

या दोन वजनांतला फरक जरा जवळून बघा. ६.२४ वजा ३.९९ म्हणजे २.२५ ग्रॅम. त्याला १८.०१५ ने भागा, ०.१२५ येतात. हे ०.०२५ च्या बरोबर पाचपट आहेत. म्हणजे तुमच्या हिशेबातून जे सुटलं ते पाण्याचे हे पाच रेणू, तंतोतंत. तांबं आणि सल्फेट दोन्ही हिशेबांत तेवढंच धरलेलं आहे.

निळ्या बाटलीतून ३.९९ ग्रॅम घेतलं असेल तर द्रावणात प्रत्यक्ष किती आलं? ३.९९ ÷ २४९.६८ = ०.०१६० मोल. २५० मिलीत ते ०.०६३९ मोलर होतं. म्हणजे ३६ टक्के कमी. दिसायला द्रावण निळंच राहतं, थोडं फिकट, आणि दुसरं शेजारी ठेवल्याशिवाय संशयही येत नाही. पकडलं जातं ते टायट्रेशनला, म्हणजे ब्युरेट या खुणांच्या नळीतून माहीत तीव्रतेचं द्रावण थेंबाथेंबाने सोडून मोजताना. २५ मिली द्रावणात पोटॅशियम आयोडाइड घालून सुटलेल्या आयोडीनचं ०.१ मोलर सोडियम थायोसल्फेटशी टायट्रेशन केलं, तर तांब्याचा एक आयन थायोसल्फेटच्या एका आयनाला पुरतो. बरोबर द्रावणाला ब्युरेटवर २५ मिली लागायला हवेत, तुमच्याला १६ मिलीवर शेवट येईल. असा आकडा आला की बहुतेक जण ब्युरेट पुन्हा धुतात, स्टार्च बदलतात. मी आधी भागिले काढते: १६ ÷ २५ = ०.६४, आणि १५९.६ ÷ २४९.७ हेसुद्धा ०.६४. चुकीचं गुणोत्तर एखाद्या ओळखीच्या गुणोत्तराशी जुळलं तर दोष हातात नसतो, हिशेबात असतो.

पुस्तकी उदाहरणात मात्र ‘कॉपर सल्फेटचा एक मोल’ एवढंच लिहिलेलं असेल आणि पाण्याचा उल्लेख नसेल, तर निर्जल धरायचं असा रिवाज आहे. तिथे १५९.६ बरोबर. प्रॅक्टिकलला रिवाज चालत नाही, लेबल चालतं. लेबलावर नावापुढे ‘पेंटाहायड्रेट’ किंवा ‘पाच पाणी’ दाखवणारं सूत्र असतं आणि त्याखाली मोलवस्तुमान छापलेलं असतं. ते छापलेलं वस्तुमान वापरा, स्वतः बेरीज करून ते जुळतं का एवढं बघा. जुळलं नाही तर बेरजेत पाणी धरायचं राहिलंय हे समजा. ऑक्झॅलिक आम्लाचं असंच आहे: पाण्याच्या दोन रेणूंसह १२६.०७, निर्जल ९०.०३. ०.१ मोलर २५० मिलीला ३.१५ ग्रॅम लागतात ते १२६ धरून. मोहरच्या मिठात (फेरस अमोनियम सल्फेट) पाण्याचे सहा रेणू, वस्तुमान ३९२.१४.

इथे एक धोका सांगून ठेवते. ‘पदार्थ ओलसर वाटतोय, ओव्हनमध्ये वाळवून घेऊ’ असं कुणी सुचवलं तर निळ्या मोरचुदाच्या बाबतीत अजिबात ऐकू नका. त्यातलं चार रेणू पाणी साधारण ११० अंश सेल्सिअसपर्यंत निघून जातं, पाचवं जायला २०० च्या आसपास तापमान लागतं. ओव्हन ११० वर ठेवलं तर हातात येतं ते ना पूर्ण निळं, ना पूर्ण पांढरं, आणि मग २४९.६८ ही लागू नाही आणि १५९.६० ही नाही. धुण्याच्या सोड्याचं उलट आहे. दहा रेणू पाण्याचे पारदर्शक स्फटिक नुसते उघडे ठेवले तरी पाणी सोडून भुकटी होतात, म्हणून त्याचं ‘२८६.१४ धरून वजन’ भरवशाचं नसतं. अचूक द्रावण हवं असेल तर निर्जल सोडियम कार्बोनेट (१०५.९९) तापवून, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणारा पदार्थ ठेवलेल्या बंद भांड्यात) गार करून घ्यावं. कॉस्टिक सोडा हवेतलं पाणीही घेतो आणि कार्बन डायऑक्साइडही, त्यामुळे त्याचं द्रावण अंदाजे करून ऑक्झॅलिक आम्लाशी तपासावंच लागतं. पावसाळ्यात कोकणातल्या प्रयोगशाळेत कॉस्टिक सोड्याच्या गोळ्या वजन होता होताच ओल्या होतात.

निळ्यातले पाच रेणू पाणी कुणाच्या सांगण्यावर मान्य करायची गरज नाही, स्वतः मोजता येतं. कोरडी चिनीमातीची मूस वजन करून घ्या, त्यात २.५० ग्रॅम निळे स्फटिक बारीक करून टाका आणि मंद ज्योतीवर ढवळत तापवा. निळा रंग पूर्ण गेला की थांबा, डेसिकेटरमध्ये गार करा, वजन करा. परत पाच मिनिटं तापवून परत वजन करा. दोन वजनं जुळेपर्यंत हे चालू ठेवा. शेवटी साधारण १.६० ग्रॅम उरायला हवेत. ०.९० ग्रॅम पाणी म्हणजे ०.०५ मोल, १.६० ग्रॅम निर्जल म्हणजे ०.०१ मोल, गुणोत्तर पाच. ४.४ किंवा ४.६ असं काही आलं तर दोन शक्यता: तापवणं कमी पडलं, किंवा मूस उघड्यावर गार केली आणि पांढऱ्या भुकटीने हवेतलं पाणी परत ओढलं. पाचाच्या वर जाऊन भुकटी काळपट दिसली आणि नाकाला झोंबणारा धूर आला तर जास्त तापवलं, सल्फेटच फुटायला लागलं. तो धूर घशाला वाईट, खिडकी उघडी ठेवा.

आता मीठ. रेणू म्हणजे ठरावीक अणूंचा एकमेकांना बांधलेला, वेगळा काढता येणारा गट. पाण्याचा असतो, साखरेचा असतो, युरियाचा असतो. मिठाच्या खड्यात प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम असतात. यातली अमुक जोडी म्हणजे रेणू, असं बोट ठेवता येत नाही. त्याचं सूत्र फक्त प्रमाण सांगतं: एकास एक. म्हणून मिठाचा मोल मोजताना आपण ‘सूत्र-एकक’ मोजतो, म्हणजे एक सोडियम आयन आणि एक क्लोराइड आयन एवढा हिशेबी गट. असे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके गट म्हणजे एक मोल, वस्तुमान ५८.४४ ग्रॅम. गट खरोखर वेगळा असायलाच हवा अशी मोलची अट नाही. तो नेमका काय धरलाय हे सांगितलेलं असलं की झालं. (खूप तापवून मिठाची वाफ केली तर त्या वाफेत सोडियम-क्लोरीनच्या सुट्या जोड्या खरोखर सापडतात. तेव्हा ‘मिठाचा रेणू कधीच नसतो’ हेही जरा जास्तच ठाम वाक्य आहे.)

रेणू आणि संयुग यांची सरमिसळ इथेच होते. संयुग म्हणजे दोन किंवा अधिक मूलद्रव्यं ठरावीक प्रमाणात जोडलेली. पाणी संयुगही आहे आणि रेणूंचं बनलेलंही आहे. ऑक्सिजन वायू रेणूंचा आहे पण संयुग नाही. मीठ संयुग आहे पण रेणूंचं नाही. हिरा यांतला कुठलाच नाही. ही चार उदाहरणं लक्षात असली की व्याख्या पाठ करावी लागत नाही.

पदार्थ आयनांचा की रेणूंचा हे ओळखायला धातू आणि अधातू असेल तर आयन, नुसते अधातू असतील तर रेणू, हा ठोकताळा बऱ्यापैकी चालतो. पण अमोनियम क्लोराइडमध्ये धातू नाही आणि ते आयनांचं आहे. हायड्रोजन क्लोराइड वायू रेणूंचा आहे, पण पाण्यात गेला की जवळजवळ पूर्ण आयनांत मोडतो. ॲसेटिक आम्ल थोडंच मोडतं. ॲल्युमिनियम क्लोराइड धातूचं असूनही त्याच्या वाफेत जोडरेणू असतात. खताच्या पोत्यांवरही हा फरक दिसतो. अमोनियम सल्फेट आयनांचं आहे, वस्तुमान १३२.१४, त्यात नायट्रोजन सुमारे २१ टक्के. युरिया रेणूंचा आहे, वस्तुमान ६०.०६, नायट्रोजन साडेसेहेचाळीस टक्क्यांच्या जवळ. पाण्यात विरघळल्यावर अमोनियम सल्फेटच्या एका सूत्र-एककाचे तीन आयन होतात, युरियाचा रेणू मात्र अख्खाच राहतो.

तिसरी शंका कॅल्शियम क्लोराइडची. बारा जोड चपला म्हणजे चोवीस चपला. म्हणून कुणी ‘बाराच्या चोवीस झाल्या, वजन दुप्पट झालं’ असं म्हणत नाही, कारण मोजण्याची वस्तू बदलली. कॅल्शियम क्लोराइडचं एक मोल सूत्र-एककं म्हणजे ११०.९८ ग्रॅम. त्यात एक मोल कॅल्शियम आयन आणि दोन मोल क्लोराइड आयन. वस्तुमान जोडून बघा: कॅल्शियम ४०.०८, क्लोराइड २ × ३५.४५ = ७०.९०, बेरीज तीच. अणूचा आयन होताना इलेक्ट्रॉन जातो किंवा येतो, पण त्याचं वस्तुमान इतकं किरकोळ आहे की या आकड्यांत दिसतसुद्धा नाही. म्हणून आयनांसाठी वेगळा तक्ता लागत नाही.

हा दोनाचा आकडा टायट्रेशनला लगेच जाणवतो. ०.१ मोलर कॅल्शियम क्लोराइडचं २५ मिली घेतलं तर त्यात २.५ मिलिमोल सूत्र-एककं आहेत, पण क्लोराइड ५.० मिलिमोल. ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेट ५० मिली लागेल. ब्युरेट साधारण ५० मिलीचीच असते, म्हणजे ती काठोकाठ संपायला येते. दहा मिली द्रावण घेणं शहाणपणाचं. द्रावणाच्या बाटलीवर ‘०.१ मोलर कॅल्शियम क्लोराइड’ लिहिलं असेल तर क्लोराइड ०.२ मोलर आहे, हे वापरणाऱ्याने ओळखायचं असतं. मला विचाराल तर लेबलावर दोन्ही लिहावं.

इथेच नववीत शिकवलेले मूलक, म्हणजे आयन म्हणून एकत्र राहणारे अणू किंवा अणूंचे गट, कामी येतात. मोरचूद पाण्यात गेलं की तांब्याचा आयन सुटा होतो आणि सल्फेटचा आयन सुटा होतो. सल्फेटचे गंधक आणि चार ऑक्सिजन एकमेकांना घट्ट धरून राहतात, त्यांचे सुटे आयन होत नाहीत. म्हणून तुमच्या ०.०२५ मोल द्रावणात ०.०२५ मोल तांबं आयन, ०.०२५ मोल सल्फेट आयन, एकूण ०.०५ मोल म्हणजे सुमारे ३.०१ गुणिले १० चा २२ वा घात इतके आयन. तेच ‘ऑक्सिजनचे अणू किती?’ असं विचारलं तर मोजणी बदलते: सल्फेटचे चार आणि निळ्या स्फटिकातल्या पाण्याचे पाच, म्हणजे दर एककाला नऊ. ‘एक मोल ऑक्सिजन’ हा शब्दप्रयोग म्हणूनच घातक आहे, तो १६ ग्रॅमही होतो आणि ३२ ग्रॅमही. अणू की रेणू हे लिहिल्याशिवाय उत्तर लिहायला घेऊ नका.

जुन्या पुस्तकांत मोलची व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ मधल्या अणूंवरून दिलेली सापडेल. २० मे २०१९ पासून ती बदलली. आता ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात हा आकडाच नेमका ठरवून दिलेला आहे आणि मोल म्हणजे तेवढी संख्या. परीक्षेच्या उत्तरांत यामुळे काहीही फरक पडत नाही, पण मोल हे वजन नसून संख्या आहे ही गोष्ट आता व्याख्येतच उघड लिहिलेली आहे.

द्रावण पुन्हा करणार असाल तर असं करा. वॉच ग्लासवर ६.२४ ग्रॅम निळे स्फटिक घ्या. ०.०१ ग्रॅम दाखवणारा तराजू पुरे. ते २५० मिलीच्या चंचुपात्रात ओतून वॉच ग्लास धुवून ते पाणीही त्यातच टाका. सुमारे १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात काचकांडीने विरघळवा. नळाचं पाणी घेऊ नका. जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे फिकट निळसर गढूळपणा येतो आणि तेवढं तांबं द्रावणातून बाहेर जातं. डिस्टिल्ड पाण्यातही किंचित धुरकट वाटलं तर सौम्य सल्फ्युरिक आम्लाचे दोन-चार थेंब पुरतात. लवकर विरघळावं म्हणून कोमट केलंत तर पूर्ण गार झाल्याशिवाय फ्लास्कमध्ये ओतू नका, नाहीतर खुणेपर्यंत भरलेलं पाणी गार झाल्यावर खाली उतरतं.

नरसाळ्यातून २५० मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ओता, चंचुपात्र, कांडी आणि नरसाळं तीनदा थोड्या थोड्या पाण्याने धुवून तेही आत घाला. खुणेच्या बोटभर खाली आल्यावर ड्रॉपर घ्या. डोळा खुणेच्या समोर आणा, पाण्याच्या खोलगट पृष्ठाचा तळ खुणेला टेकवा. बूच लावून दहा-पंधरा वेळा उलटंपालटं करा. हे शेवटचं बरेच जण विसरतात आणि मग वरचं द्रावण पातळ, खालचं दाट राहतं. लोखंडी किंवा स्टीलचा चमचा आत ठेवू नका. लोखंडावर तांब्याचा लाल थर बसतो आणि द्रावणातलं तांबं कमी होतं. द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवत नाहीत ते याच कारणाने. एक टक्का बोर्डोला १०० लिटरमागे जे एक किलो मोरचूद सांगतात तेही निळंच, ज्यात तांबं सुमारे २५ टक्के असतं. निर्जलात ते जवळपास ४० टक्के असतं.

‘पदार्थात २५० मिली पाणी घाला’ आणि ‘पाणी घालून २५० मिली करा’ यांतला फरक मोरचुदाच्या या द्रावणात फारसा जाणवत नाही, पण साखरेचं १ मोलर द्रावण करताना जाणवतो. ३४२ ग्रॅम साखरेत एक लिटर पाणी ओतलं तर एकूण घनफळ १२०० मिलीच्या वर जातं आणि द्रावण ०.८३ मोलरच्याही खाली राहतं. खुणेपर्यंत भरायची पद्धत असल्यामुळेच स्फटिकातलं पाणी मोलरतेच्या हिशेबात वेगळं वजा करावं लागत नाही. मोलॅलिटी काढायची असेल तर मात्र ते पाणी द्रावकात मिळवावं लागतं, कारण तिथे भागाकार द्रावकाच्या किलोग्रॅमने होतो.

आणि तुमचं आधीचं द्रावण. निळ्या बाटलीतलं असेल तर ते ओतून देऊ नका, आणि त्यात वरून आणखी स्फटिकही टाकू नका. खुणेपर्यंत भरलेल्या फ्लास्कचं घनफळ बदलेल आणि मग नक्की किती झालं हे कळणार नाही. लेबल बदला: ‘कॉपर सल्फेट, ०.०६३९ मोलर, पेंटाहायड्रेटपासून’, खाली तारीख. पुढे ०.०५ मोलर लागलं तर १०० मिलीसाठी यातलं ७८.२ मिली ब्युरेटने दोन खेपांत, ५०.० आणि २८.२, फ्लास्कमध्ये सोडा आणि खुणेपर्यंत पाणी भरा.